ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर राउटर ‘मेला’? भंगारात द्यायच्या आधी ह्या क्रमानं बघा

माझ्याकडं राउटर घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "ओपनडब्ल्यूआरटी टाकलं आणि मेला बघा." ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरमधल्या कंपनीच्या मूळ फर्मवेअरच्या (आतल्या सॉफ्टवेअरच्या) जागी टाकायचं फुकटातलं फर्मवेअर. मी दिवसभर सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर बिलिंगचे कॉम्प्युटर, कॅमेरे, नेट असलं सगळं बघतो आणि राउटरचा नाद संध्याकाळचा. हा एकच बिघाड इतक्यांदा हातातून गेलाय की आता माणूस दारात असतानाच मी विचारतो, अडॅप्टर सोबत आणलायस का? कारण नुसता राउटर आणला तर अर्धी तपासणी होतच नाही. विश्रामबागकडची इंजिनिअरिंगची पोरं, मिरजेचा एक केबलवाला, माझा स्वतःचा भाचा, सगळे ह्यातनं गेलेत, आणि सगळ्यांनी एकच चूक केली, घाबरून परत परत फ्लॅश मारला, म्हणजे फर्मवेअर पुन्हा पुन्हा चढवलं. राउटर मरतो तो बहुतेक त्या दुसऱ्या-तिसऱ्या फ्लॅशला, पहिल्याला नाही. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय.

एक आधीच सांगतो, कमांड आणि फाइलची नावं मी इथं देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची.

आधी लक्षणं नीट बघा

राउटर समोर ठेवा, दोन मिनिटं हात न लावता फक्त दिवे बघा. सगळे दिवे एकदम लागतायत, विझतायत, परत काही सेकंदांनी तेच चालू आहे, तर तो बूटलूप. दिवे शांत आहेत, लॅनचा (घरातल्या केबलच्या पोर्टाचा) दिवाही लागतोय पण मोबाईलमध्ये वायफायचं नावच येत नाही, हा वेगळा प्रकार. पिंग लागतो (लॅपटॉपनं मारलेल्या हाकेला राउटर ओ देतो) पण ब्राउझरमध्ये पान उघडत नाही, हा तिसरा. सगळं व्यवस्थित चालतं आणि वायफाय ऑन केलं की रिबूट मारतो, हा चौथा, आणि ह्याच्यावर मी खाली जास्त लिहिणार आहे. सेटिंग केलेली रिबूटनंतर गायब होतात, हा पाचवा. आणि शेवटचा, पॉवरचा दिवा लागलाय पण केबल घातली तरी लॅनचा दिवासुद्धा लागत नाही, म्हणजे आत काहीच हलत नाही. ह्यातला फक्त हा शेवटचा प्रकारच खरोखर अवघड आहे, बाकी सगळे बहुतेक घरच्या घरी निघतात.

फुकटातल्या गोष्टी

पहिली गोष्ट थांबा. नवीन फर्मवेअर गेल्यावर पहिल्यांदा बूट होताना राउटर फ्लॅशमधला (त्याच्या कायमच्या मेमरीतला) उरलेला भाग फॉरमॅट करून तुमच्या सेटिंगसाठी तयार करतो, त्याला स्वस्तातल्या राउटरला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ दिवा लुकलुकत राहतो, आणि लोक नेमका तेव्हाच प्लग काढतात. घड्याळ लावून दहा मिनिटं द्या. फ्लॅश करताना राउटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर असू द्या, उन्हाळ्यात वळवाचं वारं सुटलं की आपल्याकडं लाईटचा काय भरवसा.

दुसरी गोष्ट, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये नवीन इन्स्टॉलला वायफाय बहुतेक राउटरवर मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, कारण पासवर्ड नसलेलं उघडं वायफाय हवेत सोडणं बरोबर नाही. म्हणजे वायफायचं नाव दिसत नाही म्हणून राउटर मेला असं होत नाही. केबल घाला. आणि केबल लॅन पोर्टात घाला, वॅनमध्ये (बाहेरचं नेट जिथं येतं त्यात) नको, वॅनकडून आत यायला फायरवॉल देत नाही. निळा पोर्ट बहुतेक वॅनचा, पण प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो, तेव्हा खालचं अक्षर वाचा.

तिसरी गोष्ट पत्ता, म्हणजे ब्राउझरमध्ये टाकायचा राउटरचा आयपी आकडा. मूळ फर्मवेअरचा पत्ता समजा १९२.१६८.०.१ होता तर लोक सवयीनं तोच टाकत बसतात, ओपनडब्ल्यूआरटीचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. आणि ह्यात एक फार फसवी भानगड आहे. तुमच्या फायबरवाल्याच्या डब्याचा पत्तासुद्धा खूपदा १९२.१६८.१.१ च असतो. मग लॅपटॉप एका बाजूनं घरच्या वायफायला, दुसऱ्या बाजूनं केबलनं राउटरला, दोघांचा पत्ता एक, पान उघडतं ते फायबरच्या डब्याचं आणि माणूस म्हणतो मूळ फर्मवेअर परत आलं की काय. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, फक्त केबल ठेवा, मग बघा. आत शिरल्यावर राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१०.१ असा काहीतरी बदलून टाका, नाहीतर वॅन आणि लॅन एकाच पट्ट्यात येऊन नेट चालणार नाही आणि तुम्ही परत फर्मवेअरला दोष देणार.

पिंग लागतोय पण पान येत नाही, तर आठवा कुठली इमेज (फर्मवेअरची फाइल) घेतली होती. ‘स्नॅपशॉट’ (अजून चाचणीत असलेली) घेतली असेल तर तिच्यात ल्युसी, म्हणजे ते वेबपान, नसतंच. एसएसएचनं (लॅपटॉपवरनं कमांड टाइप करून राउटरच्या आत शिरायची सोय) रूट, म्हणजे मुख्य युजर, म्हणून आत जा, पासवर्ड नसतो, आतनं ल्युसी टाकता येतं. पण नवख्या माणसानं ‘स्टेबल’ रिलीज सोडून स्नॅपशॉटच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अडॅप्टर, अडॅप्टर, अडॅप्टर

आता जरा दम धरून हे वाचा, कारण माझ्याकडं आलेले सगळ्यात जास्त ‘मेलेले’ राउटर इथंच जिवंत झालेत.

भाच्याचा किस्सा सांगतो. त्यानं जुना राउटर घेतला, ओपनडब्ल्यूआरटी टाकलं, केबलनं मस्त चाललं, दोन दिवस खूश. तिसऱ्या दिवशी वायफाय ऑन केलं आणि बूटलूप. "मामा, ड्रायव्हर खराब आहे, व्हर्जन खाली घेतो." त्यानं तीन व्हर्जन बदलली, तेच. मी राउटर उघडला, मल्टिमीटर लावला, एक टोक ग्राउंडवर आणि एक पॉवर जॅकच्या मागच्या सोल्डरवर. अडॅप्टरवर छापलंय ९ व्होल्ट. बूट होताना मीटरवर ८.९, ८.८, ठीक. वायफाय जिवंत व्हायच्या क्षणाला आकडा धपकन ६ च्या खाली, सगळे दिवे एकदम विझले, आणि आकडा परत ८.९. दर वेळी त्याच जागी. पेढीवरचा दुसरा ९ व्होल्टचा अडॅप्टर आणून लावला, आकडा जागेवरनं हललाच नाही आणि तो राउटर आजपण बहिणीच्या घरी चालू आहे.

कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. अडॅप्टरमधला कपॅसिटर वर्षानुवर्षं गरम होऊन वाळतो. लोड नसताना मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, म्हणून नुसतं पिनेला मीटर लावून "चांगलाय की" म्हणू नका. वायफायचा रेडिओ बोलायला लागला की करंट वाढतो, आणि तिथं तो बसतो. आता जोडा ह्याच्याशी ती मघाची गोष्ट, की नव्या फर्मवेअरला वायफाय बंद असतं. म्हणजे फ्लॅश केल्यावर सगळं ठीक चालतं, वायफाय चालू करताच रिबूट, आणि संशय सरळ फर्मवेअरवर. अडॅप्टर आधीपासनंच मरायला टेकलेला असतो.

बदलताना तीन गोष्टी बघायच्या. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, राउटरच्या बुडाला छापलेले असतात, कुणी ५, कुणी ९, कुणी १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त, जास्त असले तर काही बिघडत नाही, राउटर लागेल तेवढंच घेतो. आणि पिनेच्या मधल्या टोकाला प्लस आहे का ते छोटं गोलाचं चित्र असतं त्यात जुळवायचं. जॅकमध्ये बसतोय म्हणून १२ चा अडॅप्टर ५ च्या राउटरला लावू नका, तो एका सेकंदात कायमचा जातो, ह्या लेखातलं काहीच मग उपयोगाचं नाही. आणि अडॅप्टर स्वतः उघडायचा नाही. आत २३० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरसुद्धा कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो नवीन घ्यायचा, विषय संपला.

बुडाचं लेबल वाचा

अडॅप्टर चांगला निघाला तर मग फाइलवर या. एकाच नावाच्या राउटरच्या आत दर व्हर्जनला वेगळं सामान असतं. उदाहरण घ्या टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन, आपल्याकडं गल्लोगल्ली असतो. व्हर्जन ९ मध्ये क्वालकॉमची चिप, ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅम. व्हर्जन १३ मध्ये मीडियाटेकची चिप, ८ एमबी फ्लॅश, ६४ एमबी रॅम. व्हर्जन १४ मध्ये परत ४ आणि ३२. डबा तोच, नाव तेच. म्हणून बुडावरचं ‘व्हर्जन’ वाचून नेमकी तीच इमेज घ्या, मित्राच्या पेनड्राइव्हमधली नको.

इमेज दोन प्रकारची, ‘फॅक्टरी’ आणि ‘सिसअपग्रेड’. मूळ फर्मवेअरवरनं पहिल्यांदा जाताना फॅक्टरी, ओपनडब्ल्यूआरटीवरनं पुढच्या ओपनडब्ल्यूआरटीवर जाताना सिसअपग्रेड. उलटं करू नका. आणि डाउनलोड झाल्यावर एसएचए२५६ चेकसम (फाइल शाबूत आहे का ते सांगणारा, डाउनलोडच्या पानावर दिलेला आकडा) जुळवा, दोन मिनिटांचं काम आहे, अर्धवट उतरलेली फाइल तिथंच पकडली जाते.

४ एमबी आणि ३२ एमबीवाल्यांसाठी वेगळं. ओपनडब्ल्यूआरटी २००४ साली सुरू झालं ते लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जीच्या सोर्स कोडवर, नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच, आणि तेव्हा ४ एमबी म्हणजे ऐसपैस जागा होती. आता कर्नलच (फर्मवेअरचा गाभा) फुगलाय. १९.०७ ही अशा छोट्या राउटरसाठी शेवटची अधिकृत मालिका, आणि तिलाही आता सिक्युरिटी अपडेट येत नाहीत. त्यामुळं असला राउटर शिकायला, खेळायला घ्या, घराच्या नेटच्या तोंडावर बसवू नका. सेटिंग गायब होण्याचा जो पाचवा प्रकार तो इथलाच, दोन-चार पॅकेज टाकली की लिहायची जागा संपते आणि राउटर नवीन सेटिंग साठवूच शकत नाही. मूळ इमेजमधली पॅकेज काढून जागा मिळेल असं वाटतं पण मिळत नाही, तो भाग दाबून बंद केलेला, फक्त वाचायचा असतो. आणि ३२ एमबी रॅमवर पॅकेजची यादी अपडेट करतानाच राउटर गुदमरून रिबूट मारू शकतो, कारण ती यादी रॅममध्येच उतरते.

फेलसेफ

इथपर्यंत काही सापडलं नाही तर फेलसेफ. हा ओपनडब्ल्यूआरटीचा मागचा दरवाजा आहे, फ्लॅशमध्ये काहीही न बदलता राउटर नुसता मूळ अवस्थेत उठतो. तुमची सेटिंग चुकली असेल, लॅनचाच पत्ता उडवला असेल, तर कर्नल चांगलाच असतो, म्हणून हे टीएफटीपीच्या (केबलवरनं राउटरला फाइल द्यायची सोय, खाली येतेय) आधी.

लॅपटॉपला हातानं पत्ता द्या १९२.१६८.१.२, मास्क २५५.२५५.२५५.०, कारण फेलसेफमध्ये राउटर पत्ते वाटत नाही. प्लग लावा, दिव्याकडं बघत बसा. थोड्या वेळानं एक दिवा भराभर लुकलुकायला लागतो, दोनच सेकंद, तेवढ्यात रिसेट बटण दाबा. दिवा आणखी वेगानं लुकलुकला म्हणजे आत शिरलात. मग एसएसएचनं १९२.१६८.१.१ ला रूट म्हणून जा, ‘माउंट_रूट’ द्या, मग ‘फर्स्टबूट’, हो म्हणा, रिबूट. एका झटक्यात नाही जमलं तर पाच-सहा वेळा करा, वेळ साधायला सवय लागते.

टीएफटीपी, आणि तो जुना स्विच

फेलसेफचा दिवाच लुकलुकत नाही म्हणजे कर्नलच उठत नाही. आता बूटलोडर, म्हणजे प्लग लावल्यावर सगळ्यात आधी उठून कर्नलला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, जिवंत आहे का ते बघायचं. बऱ्याच टीपी-लिंक राउटरच्या बूटलोडरला एक सोय आहे, रिसेट दाबून धरून प्लग लावला की तो १९२.१६८.०.६६ ह्या पत्त्यावर ठराविक नावाची फाइल मागतो. व्हर्जन ९ साठी ‘डब्ल्यूआर८४१एनव्ही९_टीपी_रिकव्हरी.बिन’, व्हर्जन १३ साठी नुसतं ‘टीपी_रिकव्हरी.बिन’. लॅपटॉपला तो पत्ता द्या, टीएफटीपी सर्व्हर चालू करा, फाइल त्याच नावानं ठेवा, विंडोजची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद करा, ही विसरली की सगळं बरोबर असून काहीच होत नाही.

फाइल कुठली ते मात्र तुमच्या व्हर्जनच्या पानावर वाचूनच. मूळ फर्मवेअरच्या फाइलच्या नावात ‘बूट’ शब्द असेल तर त्या फाइलीत बूटलोडरपण भरलेला असतो. जुन्या क्वालकॉमवाल्या व्हर्जनना ती फाइल द्यायच्या आधी सुरुवातीचे १३१५८४ बाइट कापायचे असतात, म्हणजे ५१२ बाइटचं हेडर आणि १२८ केबीचा बूटलोडर. न कापता लिहिली तर सगळं सामान चुकीच्या जागी जाऊन बसतं. ही चूक मी स्वतः केलीय आणि त्या राउटरला शेवटी प्रोग्रामर (चिपवर थेट लिहायचं यंत्र) लावावा लागला.

आता एक युक्ती, जिच्यामुळं मिरजेच्या केबलवाल्याचे आठवडाभर अडकलेले दोन राउटर एका संध्याकाळी निघाले. बूटलोडर फाइल मागतो ती प्लग लावल्यावर एक-दोन सेकंदांतच. पण लॅपटॉपच्या लॅन कार्डाला, समोर राउटर जागा झाला हे ओळखून लिंक जुळवायला दोन-तीन सेकंद लागतात. म्हणजे राउटर दार वाजवून निघून गेला तरी लॅपटॉप अजून चप्पल घालतोय. मध्ये एखादा जुना पाच पोर्टचा स्विच टाका, लॅपटॉपची लिंक स्विचशी कायम जुळलेली राहते आणि पहिल्याच हाकेला ओ जाते. कॅमेरेवाल्यांकडं असले स्विच पडून असतात. टीएफटीपी सर्व्हरच्या खिडकीत फाइल सरकताना दिसली की हात बांधून बसा, पाच मिनिटं राउटरला शिवू नका.

सीरियल

इथून पुढं डबा उघडायचा, म्हणजे वॉरंटी संपली असं धरा. बोर्डावर चार भोकं एका रांगेत दिसतात, ती सीरियलची, म्हणजे राउटर बूट होताना काय बोलतो ते लॅपटॉपवर अक्षरांत बघायची. यूएसबी टीटीएल मॉड्यूल लागतं, सीपी२१०२ किंवा सीएच३४०, आणि ते ३.३ व्होल्टवरच पाहिजे, जंपर तपासा. ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी) तीनच वायरी जोडायच्या, एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला. व्हीसीसीची (पॉवरची) वायर जोडायची नाही, राउटरला स्वतःचा अडॅप्टर आहे. स्पीड बहुतेक ११५२००.

ह्याचा फायदा काय, तर इथं राउटर स्वतः बोलतो. यू-बूटचं (म्हणजे बूटलोडरचं) नाव आलं आणि मग चेकसमची चूक किंवा कर्नल पॅनिक (कर्नल अडून बंद पडल्याचा संदेश) दिसला तर बूटलोडर जिवंत आहे, इमेज खराब आहे, टीएफटीपीकडं परत जा. अर्ध्यावर तुटून परत पहिल्यापासून अक्षरं येतायत तर परत अडॅप्टर बघा. आणि टीएक्स-आरएक्स अदलाबदल करूनसुद्धा एक अक्षर येत नाही तर बूटलोडर गेला किंवा बोर्डच गेला.

आता थांबा

बूटलोडर गेला तर एकच रस्ता, आठ पायांची फ्लॅश चिप प्रोग्रामरनं थेट लिहायची. सीएच३४१ए प्रोग्रामर आणि क्लिप मिळते, मी वापरतो, पण पहिल्यांदाच करणार असाल तर करू नका असंच सांगेन. त्या काळ्या प्रोग्रामरच्या बऱ्याच बोर्डांत डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ ची असते. शिवाय त्या चिपमध्ये फक्त फर्मवेअर नसतं, क्वालकॉमवाल्या राउटरमध्ये शेवटच्या ६४ केबीत ‘एआरटी’ नावाचा भाग असतो, मीडियाटेकमध्ये ‘फॅक्टरी’, त्यात तुमच्याच बोर्डाच्या रेडिओचं कॅलिब्रेशन असतं, कारखान्यात एकदाच मोजून लिहिलेलं. ते पुसलं तर राउटर उठेल पण वायफाय आयुष्यभर लंगडं चालेल, आणि दुसऱ्याच्या चिपची पूर्ण कॉपी मारली तर मॅक अ‍ॅड्रेससुद्धा (प्रत्येक राउटरचा वेगळा ओळखक्रमांक) त्याचाच येतो. म्हणून जो कोणी करेल त्यानं आधी चिप दोनदा वाचायची, दोन्ही फाइली तंतोतंत जुळतायत का बघायचं, जपून ठेवायची आणि मगच पुसायची.

हे काम मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडं न्या, हॉट एअर आणि प्रोग्रामर दोन्ही असलेला बघून. त्याला आधी विचारा, "लिहायच्या आधी बॅकअप घेता का?" नाही म्हणाला तर दुसरीकडं.

ह्या चार वेळी तर वरचं काहीच न करता थांबायचं. जळका वास आला किंवा चिपला बोट टिकत नाही इतकी गरम झाली, तर. वीज पडल्यानंतर पोर्ट गेलेत, तर. राउटर पुराच्या पाण्यात होता, तर, आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरातले डबे अजून माळ्यावरनं निघतात, बाहेरनं वाळलेले दिसतात पण आत कृष्णेचा गाळ आणि हिरवा गंज असतो, त्याला प्लग लावून बघायची घाई करू नका. आणि डबा फायबर कंपनीचा असेल, तर. तो तुमच्या मालकीचा नसतो, त्यात हात घालायचा नाही, आणि त्याची फायबर काढून टोकात डोळा तर अजिबात लावायचा नाही, त्यातला लेसर दिसत नाही पण डोळ्याला लागतो. तिथं त्यांच्याच माणसाला फोन करा.

रिपेअरवाल्याकडं जाताना राउटर, त्याचाच अडॅप्टर, आणि एका कागदावर बुडाचं व्हर्जन, कुठली फाइल टाकली होती तिचं पूर्ण नाव आणि शेवटचं नीट कधी चाललं होतं एवढं लिहून न्या.